माणदेशातल्या मेंढरांची खरूज

आयव्हरमेक्टिनच्या शोधाला नोबेल मिळालं त्याला २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. मेंढरांच्या खरजेवर चालणारं हे औषध जनावरांसाठी १९८१ पासून विकलं जातंय. मेंढपाळाच्या घरात वाढल्यामुळे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांचं ऋण मला फार मोठं वाटतं. तरीही गेल्या हिवाळ्यात माणमधल्या एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, लोकर झडलेली, अंग घासून घासून रक्ताळलेली मेंढरं पाहिली आणि जीव तुटला. औषधाची बाटली तिथंच पालात होती.

ऐंशीच्या दशकापर्यंतचं काय सांगावं? करंजेल, गंधक, नाहीतर गॅमेक्सीनची विषारी भुकटी. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली, तीही उशिराच.

नव्वदचं दशक मात्र आमचं होतं. तेव्हा लोकरीला गिऱ्हाईक होतं, घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचे माग चालत होते. कातरणीला प्रत्येक मेंढराची कातडी माणसाच्या हाताखालून जायची, त्यामुळे खरजेची पहिली खपलीच सापडायची. मग दिवाळीनंतर वाडे बाहेर पडण्याआधी दवाखान्याचे डॉक्टर येत. निरोगी मेंढरांसकट सगळा कळप एकाच दिवशी टोचला जाई आणि सात दिवसांनी पुन्हा. सोरॉप्टिस हा खरजेचा किडा अंगावरून गळून पडला तरी पंधरवडाभर तग धरतो, म्हणून बसायची जागाही बदलायची. शेजारच्या वाड्यांना निरोप जायचा. मेंढपाळ अडाणी, भंडाऱ्यावर भागवतात, असं तालुक्याच्या बैठकांत तेव्हा सर्रास बोललं जायचं. ते साफ खोटं होतं. ही शिस्त मेंढपाळांनीच पाळली होती.

आता लोकर फुकटही कोणी नेत नाही, मग कातडी बघणार कोण? कित्येक दवाखान्यांत डॉक्टर नाही. दुकानातून बाटली येते, वजन अंदाजानं धरलं जातं, ज्याला खपल्या दिसतात तेवढंच टोचलं जातं आणि दुसरं इंजेक्शन राहूनच जातं. शिस्त सुटली की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. ब्रिटननं १९५२ मध्ये ही खरूज हद्दपार केली होती. ती १९७३ मध्ये परतली. मेंढ्या औषधात बुडवण्याची सक्ती १९९२ मध्ये उठली आणि रोग पुन्हा देशभर पसरला. आयव्हरमेक्टिनच्याच कुळातल्या औषधाला दाद न देणारे किडे तिथं २०१८ मध्ये नोंदले गेले.

पशुसंवर्धन खात्यानं रिकाम्या जागा भराव्यात आणि वाडे निघण्याआधी गावोगाव टोचणीचा एक दिवस ठरवावा. मेंढपाळ भावांनो, तोवर आपण तरी सगळा कळप टोचू, वजन करून टोचू आणि दुसरी खेप चुकवायची नाही.