अंगातले पाणी

आपण रानात दिवसभर खपतो. घामाने सदरा भिजतो. घाम जिभेला लागला तर खारट लागतो. यावरून काय कळते? अंगातून पाणी जाते, तसे मीठही जाते.

मोठ्या माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असते. ६० किलो वजनाच्या गड्यात सुमारे ३६ किलो पाणी! ते फार घटून चालत नाही, फार वाढूनही चालत नाही. मग हा हिशेब ठेवतो कोण? आपले शरीरच.

पाणी कमी पडले, की तहान लागते. कमरेच्या वर, पाठीकडे दोन मूत्रपिंडे असतात. मळ्यात दारे धरणारा गडी पाणी कुठे सोडतो, कुठे अडवतो. मूत्रपिंडे तेच काम करतात. पाणी कमी असले तर ती अडवतात. म्हणून उन्हाळ्यात लघवी थोडी आणि पिवळी होते. पाणी जास्त झाले, तर सोडून देतात.

पण जुलाब लागले, की बांधच फुटतो. पाणी आणि मीठ भराभर वाहून जाते. लहान मुलाच्या अंगात पाण्याचा साठा थोडा. म्हणून त्याचा जीव लवकर धोक्यात येतो. "जुलाब होताहेत, पाणी देऊ नका," असे कुणी म्हणाले तर ऐकू नये. पाणी द्यायलाच हवे. पण नुसते पाणी पुरत नाही. मीठही हवे, साखरही हवी. आतड्यातून मीठ आणि साखर जोडीने रक्तात जातात, आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावला पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजायला लावले. पाजणारे होते रोग्यांचे घरचेच लोक. शंभरांत ३०च्या आसपास रोगी दगावत होते. ते ४ हून कमी दगावू लागले.

असे पाणी आपल्यालाही करता येते. १ लिटर पाणी उकळून गार करावे. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चव बघावी. आसवांपेक्षा खारट लागले तर टाकून द्यावे, पुन्हा करावे. दर जुलाबानंतर घोटघोट पाजावे. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. अंगावरचे दूध बंद करू नये. दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी मिळाली, तर ती अधिक चांगली.

मुलाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, तर मात्र घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा. मूल पीत असेल, तर वाटेतही पाजत राहावे.

मीठ-साखर तर प्रत्येक घरात असतेच. माप तेवढे ध्यानात ठेवू या.