मागच्या आवारातल्या खड्ड्यापासून बारकोडपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा दवाखान्यातला कचरा हा कुणाच्या चर्चेचा विषय नव्हता. काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरायचा तो काळ. पुढे एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची सिरिंज आली. रुग्णाची काळजी मिटली, पण सुया, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे यांचा ढीग दवाखान्यामागे वाढू लागला. त्याला वाटा दोनच होत्या: काडी लावायची, नाहीतर गावच्या उकिरड्यावर टाकायचे.

२० जुलै १९९८ रोजी केंद्र सरकारने जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम काढले. मोठ्या रुग्णालयांना आधीच्या मुदती होत्या. पन्नासहून कमी खाटांच्या दवाखान्यांना मात्र ३१ डिसेंबर २००२ पर्यंत सवलत मिळाली. बीड, परळी, माजलगाव, गेवराईच्या गल्लीबोळांतले दहा-वीस खाटांचे दवाखाने याच शेवटच्या रांगेतले. महिन्याला हजाराहून कमी रुग्ण तपासणाऱ्या छोट्या डॉक्टरांना तर या नियमांखालची परवानगीही घ्यावी लागत नव्हती.

कचरा उचलणारी गाडी पोहोचत नाही अशा खेड्यांत नियमाने खड्ड्याला मान्यता दिली. हा खड्डा साधा नव्हे. खोली दोन मीटर. निम्मा भरला की वर चुना, मग माती. दर वेळी कचरा टाकला की त्यावर दहा सेंटिमीटर मातीचा थर हवा. भोवती जाळी किंवा कुंपण, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. जवळपास विहीर नको आणि आजच्या नियमांनुसार भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली हवी.

बीडसारख्या जिल्ह्यात ही शेवटची अट जीवनमरणाची आहे. बालाघाटच्या काळ्या पाषाणात पाणी भेगाभेगांतून वाहते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढे धनेगावच्या धरणातून अंबाजोगाई, केज आणि लातूरची तहान भागवते. बिंदुसरा तर थेट बीड शहरातूनच वाहते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला एखादी विहीर नासणे परवडत नाही.

कचरा फक्त पाणीच नासवत नाही, हे २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासाने दाखवले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने तिथे हेपेटायटिस-बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेली सिरिंज कापून निकामी करायची आणि ती भंगारात जाऊ द्यायची नाही, हा नियम कशासाठी आहे ते त्या साथीने साऱ्या देशाला शिकवले.

खरा बदल २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी आणला. खाटा असोत वा नसोत, प्रत्येक दवाखान्याला परवानगी बंधनकारक झाली. लसीकरण आणि रक्तदान शिबिरेही कक्षेत आली. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या जाळल्या की डायॉक्सिनसारखे विष हवेत मिसळते, म्हणून त्या हद्दपार करायचे ठरले. आणि पिशवीवर बारकोड आला.

वॉर्डात उभे राहिले की या नियमांचा अर्थ कळतो. इंजेक्शन देऊन झाले की सिस्टर सिरिंज हब कटरमध्ये घालते, खट्कन आवाज होतो आणि सुई खाली पडते. सुई पांढऱ्या, भोसकल्या न जाणाऱ्या डब्यात. प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत. रक्ताने भिजलेला बोळा पिवळ्या पिशवीत. औषधाची काचेची कुपी निळ्या खोक्यात. हे सगळे काही सेकंदांत व्हावे लागते, तेही बाहेर रुग्णांची रांग असताना. त्या घाईत एक सुई पिवळ्या पिशवीत गेली, तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या हाताला. म्हणून तर कर्मचाऱ्यांना हेपेटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची सक्ती याच नियमांत आहे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या आकड्याने राज्य हादरले. अशा प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर काढलेला अवयव पिवळ्या पिशवीतच जायला हवा. पिशवीची रोजची नोंद म्हणजे दवाखान्यात काय घडले याचाही एक दाखला असतो.

वर्षभरातच करोना आला. जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशात करोनाचा सुमारे ३३ हजार टन कचरा निघाला आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. दुहेरी पिवळ्या पिशव्या, वेगळी गाडी, वेगळी नोंद ही शिस्त तेव्हा अंगवळणी पडू लागली.

अंतराचा प्रश्न मात्र उरतोच. अनेक दवाखान्यांच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामायिक केंद्र साधारण ७५ किलोमीटरांच्या परिघातले दवाखाने सांभाळते. त्या परिघात दहा हजार खाटा नसतील तर १५० किलोमीटरांपर्यंत मुभा आहे. कचरा उचलून ४८ तासांत त्याची विल्हेवाट लागावी, ही अट दोन्हीकडे कायम. केंद्र छत्रपती संभाजीनगरला असेल, तर बीडपासूनचे अंतरच सुमारे १३० किलोमीटर, आणि धारूर किंवा वडवणीच्या आतल्या उपकेंद्रापर्यंत गाडी जायची म्हणजे आणखी फेरा. प्रत्येक दवाखान्याने वर्षभराच्या कचऱ्याचा अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. गावच्या ग्रामसभेने आपल्या आरोग्य केंद्राचा तो कागद मागवून पाहावा आणि विचारावे: गाडी किती वेळा आली, पिशव्या किती गेल्या आणि मागचा जुना खड्डा आज कोणत्या अवस्थेत आहे.