अ‍ॅम्प्लिफायर घुमतोय? दोष असा शोधा

काशीत ब्रह्मा घाटाच्या मराठी वस्तीत गणेशोत्सव आला की कीर्तन-भजनाला माइक लागतो. घरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर तिथे न्यायचा, तर आधी ही तपासणी करा.

● स्वर ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची. त्याच खर्जातली घूं बहुधा उघड्या इनपुट वायरीतून, जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा अर्थ लूपमधून येते. एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची घूं म्हणजे डायोड ब्रिजनंतर उरलेली लहर. कर्कश झर्रर्र असेल तर डिमर, ट्यूबचा चोक किंवा एलईडी माळ बंद करून पाहा.

● व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं थांबली, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी. तशीच राहिली, तर पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये.

● इनपुट शॉर्ट करा. केबल काढून सॉकेटची मधली पिन बाहेरच्या कडीला जोडा. शांतता झाली, तर केबल किंवा समोरचं उपकरण तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढताच घूं गेली, तर बहुधा अर्थ लूप.

● कॅपॅसिटर पाहा. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर ओढला तरी सुमारे २ व्होल्टची लहर उरते. जुना, फुगलेला कॅपॅसिटर बदला.

● ग्राउंड एका बिंदूवर आणा. स्पीकर, इनपुट आणि सप्लायच्या ग्राउंड वायरी वेगवेगळ्या आणून एकाच ठिकाणी जोडा.

सावधान : घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार उरतो. हात लावण्याआधी रोधामार्फत तो उतरवा.