कचरा-आकारणी, वजनानुसार

घरगुती कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावण्याचे शुल्क प्रत्येक कुटुंबाने टाकलेल्या कचऱ्याच्या वजनावरून ठरविण्याची पद्धत. घरटी सरसकट आकार असल्यास कचरा कमी करणाऱ्यास कोणताही लाभ होत नाही. वजनानुसार आकारणीत मात्र टाकलेल्या प्रत्येक किलोग्रॅमला किंमत येते. यासाठी डब्यावर ओळखचकती बसवितात आणि गाडीवरील काट्यावर झालेल्या वजनाची नोंद त्या कुटुंबाच्या खात्यावर होते.

पिशव्यांच्या संख्येवरून आकार घेणे अधिक सोपे असते. परंतु तेथे लोक कचरा दाबून भरतात. अमेरिकेतील शार्लट्सव्हिल येथे १९९२ मध्ये ३२ गॅलनच्या (सु. १२१ लि.) पिशवीस ८० सेंट आकार सुरू झाला. फुलर्टन व किनमन यांच्या पाहणीनुसार कचऱ्याचे आकारमान ३७%, तर वजन केवळ १४% घटले. या घटीपैकी सु. २८% कचरा बेकायदेशीरपणे इतरत्र टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

नेदर्लंड्समधील ओस्टझान येथे १९९३ मध्ये वजनानुसार आकारणी सुरू झाली. तेथे कुजणाऱ्या कचऱ्यावर दराचा परिणाम इतर कचऱ्याच्या सु. चौपट आढळला, कारण असा कचरा घरीच जिरविता येतो. दक्षिण कोरियात १९९५ पासून पिशव्यांनुसार, तर २०१३ पासून अनेक ठिकाणी अन्नकचऱ्याला वजनानुसार शुल्क आहे.

भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरशुल्काची तरतूद झाली. तथापि पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेप्रमाणे (स्थापना २००८) येथे सामान्यतः दरमहा घरटी शुल्क घेतात. शिरोळसारख्या (जि. कोल्हापूर) ऊसपट्ट्यात काट्यावर तोलून व्यवहार करणे लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. परसातील उकिरडा, गुरे व शेत हाताशी असलेल्या कुटुंबांना ओला कचरा घरी जिरविणेही सुलभ असते. मात्र शुल्क टाळण्यासाठी तो ओढ्यात वा नदीकाठी पडल्यास बचत फसवी ठरते. याच तालुक्यात नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा यांचा संगम असून २००५, २०१९ व २०२१ मध्ये या भागास महापुराचा तडाखा बसला. पुराच्या पाण्याबरोबर असा कचरा पुन्हा शेतांत व वस्तीत येतो.

त्यामुळे केवळ काटा बसवून ही पद्धत यशस्वी होत नाही. सुका कचरा विनामूल्य स्वीकारणे, पावसाने वजन वाढू नये म्हणून डबे झाकलेले ठेवणे, गरीब कुटुंबांना ठराविक वजनापर्यंत सूट देणे आणि उघड्यावर कचरा टाकण्यावर देखरेख ठेवणे या गोष्टींची तिला जोड द्यावी लागते.