तोंडातील निळसर गाठ : आधी निदान, मगच सुरी

नार्नूर हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे मंडळ. गोंडी, तेलुगू आणि लंबाडी भाषांसोबत येथे मराठीही कानी पडते. अशा दुर्गम भागात ओठावर, जिभेवर किंवा हिरडीवर निळसर-लाल गाठ आलेला रुग्ण प्रथम ज्या डॉक्टरपुढे बसतो, तो बहुधा शल्यविशारद नसतो. तरीही पुढील सारे त्या पहिल्या तपासणीवर अवलंबून असते. गाठ रक्तवाहिन्यांची असेल, तर घाईने तिचा तुकडा कापणे किंवा लगतचा हलणारा दात उपटणे जिवावर बेतू शकते.

मलिकेन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये अशा गाठींचे दोन गट स्पष्ट केले. हिमॅन्जिओमा हे खरे अर्बुद. ते अर्भकाच्या पहिल्या वर्षात झपाट्याने वाढते आणि नंतर हळूहळू ओसरते. दुसरा गट रक्तवाहिन्यांच्या जन्मजात सदोष रचनेचा. ती आपोआप ओसरत नाही. पहिल्या गटात अनेकदा शस्त्रक्रिया लागतच नाही. प्रोप्रानोलॉल या हृदयविकारावरील औषधाने हे अर्बुद आक्रसते, असे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवून दिले.

निदानाची सुरुवात साध्या साधनांनी होते. काचेची पट्टी दाबताच गाठ फिकी पडली, तर तिच्यात रक्त खेळते आहे असे समजावे. बोटाखाली ठोके जाणवले, तर धमनीचा संबंध संभवतो. त्यानंतर डॉप्लर सोनोग्राफी व एमआरआयने रक्तप्रवाहाचा वेग आणि गाठीची खोली कळते. जबड्याच्या हाडातील संशयित गाठीत आधी सुई घालून पाहतात. क्वचित आढळणाऱ्या घातक अर्बुदाचा संशय असल्यास बायोप्सी टाळता येत नाही. मात्र ती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

मंद प्रवाहाच्या लहान गाठी इंजेक्शनने आक्रसवतात किंवा काढून टाकतात. वेगवान प्रवाहाच्या गाठीत मात्र प्रथम नलिकेवाटे पोषक धमन्या आतून बंद करतात आणि एक ते तीन दिवसांत शस्त्रक्रिया करतात. विलंब झाल्यास शेजारच्या वाहिन्या पुन्हा रक्त पुरवू लागतात. मानेतील मुख्य धमनी बांधून टाकणे हाही उपाय नव्हे. त्याने नलिकेची वाटच बंद होते.

गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ एकाच परिसरात आहेत. नार्नूरच्या रुग्णाला आधी आदिलाबादचे रिम्स गाठावे लागते. अंतर जितके अधिक, तितकी पहिल्या डॉक्टरची सावधगिरी मोलाची. ओळख पटेपर्यंत सुरी न लावणे, हाही उपचारच होय.