वडिलांची विद्या

आत्मरक्षण म्हणजे शत्रूला लोळविणें, असा पुष्कळांचा समज असतो. जपानांतील मोरिहेइ उएशिबा यांनीं मात्र निराळा मार्ग दाखविला. हल्लेखोराचा जोर जोरानें अडवावयाचा नाहीं. बाजूस वळून त्याच्याच वेगानें त्याचा तोल जाईल असें करावयाचें. या विद्येस 'आयकिदो' म्हणतात. 'आय' म्हणजे मेळ, 'कि' म्हणजे प्राणशक्ति व 'दो' म्हणजे मार्ग. उएशिबांच्या परंपरेंत सामने नाहींत. जोडीदारास इजा न करतां सराव करावयाचा असतो.

1942 सालीं, युद्ध चालू असतां, मोरिहेइ इवामा या खेड्यांत राहावयास गेले व टोकियोंतील तालीम त्यांचे पुत्र किश्शोमारू यांच्या हातीं आली. ते तेव्हां विद्यार्थीच होते. शहरावर बाँब पडत असतां त्यांनीं ती आगीपासून वांचविली. युद्धानंतर बेघर कुटुंबांस तेथेंच आसरा दिला. पुढें उदरनिर्वाहासाठीं नोकरी धरली, तरी शिकविणें सोडलें नाहीं.

पूर्वीं शिफारशीवांचून या तालमींत प्रवेश मिळत नसे. किश्शोमारूंनीं तिचें दार सर्वांस उघडलें आणि 1957 सालीं या विद्येवर ग्रंथही लिहिला. 1969 सालीं वडील निवर्तल्यावर ते परंपरेचे प्रमुख झाले. 1999 सालीं ते निवर्तले व त्यांचे पुत्र मोरितेरू यांनीं ती धुरा उचलली.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांचें शेत वारशानें मिळतें. विद्या मात्र मुलालाही पहिल्या धड्यापासूनच शिकावी लागते. आणि ती राखावयाची असेल, तर दुसऱ्यांस द्यावी लागते.