विमानाच्या अंगावरचे डाग

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला बजावले, की दरवर्षीप्रमाणे लसीकरणाचे वेळापत्रक किंवा पौगंडावस्थेवरचा उपदेश पाठवू नका. वैद्यकाबाहेरचे काही लिहा. वैद्यकाबाहेर माझ्यापाशी आहे तरी काय? घरातील मागच्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर एक दिवा आहे, आणि त्या उजेडात गेली बावीस वर्षे एक उद्योग चालला आहे. विमानांच्या प्लॅस्टिकच्या लहान प्रतिकृती जोडायच्या, त्या रंगवायच्या आणि रंगवून झाल्यावर मळवायच्या.

शेवटचे क्रियापद वाचून आपण थबकला असाल. नवीकोरी वस्तू मुद्दाम मळवायची, हे आमच्या सौभाग्यवतींनाही अद्याप पटलेले नाही. त्यांच्या मते घरात आपोआप जमणारी धूळ पुरेशी आहे. परंतु स्केल मॉडेल करणाऱ्यांच्या जगात ही स्वतंत्र विद्या मानली जाते. इंग्रजीत तिला वेदरिंग म्हणतात. मराठीत तिला शब्द नाही, म्हणून मी माझ्यापुरता ‘वापरखुणा’ असा शब्द केला आहे. विमान कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ते सर्व भावंडांसारखेच असते. मग ऊन, धूळ, इंधन, धूर, मेकॅनिकांचे बूट आणि स्क्रू ड्रायव्हर यांमुळे त्याला स्वतःचा चेहरा येतो. तो चेहरा वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकवर उतरवायचा, हा या विद्येचा हेतू.

यातली पहिली अडचण प्रमाणाची. माझी बहुतेक विमाने १:४८ या प्रमाणातील आहेत. या प्रमाणात एक मिलिमीटर रुंदीची रेघ ओढली, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ पाच सेंटिमीटरांची भेग होईल, आणि असे विमान कोणी उडवणार नाही. हात सैल सुटला की सारेच खोटे होते. नवशिके पत्र्यांच्या सगळ्या सांध्यांत काळा रंग भरतात. मीही भरले आहेत.

या कामाला तैलरंगांइतके सोयीचे दुसरे काही नाही. बडोद्यात राहणाऱ्याला तैलरंगांची थोरवी खरे तर सांगायला नको. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आपण शाळेच्या सहलीपासून पाहत आलो आहोत. तैलरंगाचा पातळ थर खालच्या रंगाला झाकून टाकत नाही, नुसती छटा देतो, आणि डाग म्हणजे तरी दुसरे काय असते? दुसरा गुण त्याच्या सावकाशपणाचा. ॲक्रिलिक रंगातले पाणी उडून गेले की तो काही मिनिटांत वाळतो. तैलरंग त्या अर्थाने वाळतच नाही. जवसाच्या तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू एकमेकांत गुंफली जातात, आणि या क्रियेला दिवस लागतात. तोवर चूक पुसता येते. दवाखान्यात प्रत्येक मुलामागे मोजकी मिनिटे मिळणाऱ्या माणसाला हा सावकाशपणा किती हवासा वाटतो, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे.

कृती थोडक्यात सांगतो. विमानाचा मूळ रंग ॲक्रिलिकने फवारून पुरता वाळू द्यायचा आणि त्यावर चकचकीत वॉर्निशचा थर द्यायचा. पुढे जे घडणार, ते या थराच्या वर. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाटाण्याएवढा तैलरंग पिळून अर्धा तास ठेवायचा. पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ‘कॅमल’ छापाच्या नळ्या मला पुरतात. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, थोडा काळा, थोडा टिटॅनियम पांढरा, एवढ्यावर बहुतेक काम भागते. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका विमानावर ठेवायचा. चपटा कुंचला व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि त्या ठिपक्याला एकाच दिशेने ओढत न्यायचे. आठ-दहा वेळा ओढले की ठिपका नाहीसा होतो आणि इथे काहीतरी होते, अशी नुसती शंका उरते. ती शंका म्हणजे डाग. त्यापुढे गेलात की चिखल.

दिशेकडे फार लक्ष द्यावे लागते. उडताना जे सांडते ते वाऱ्याबरोबर नाकाकडून शेपटीकडे जाते. उभ्या विमानातून जे गळते ते सरळ खाली येते. एका विमानाच्या अंगावर या दोन्ही दिशा असतात, आणि कोणती खूण हवेतली व कोणती जमिनीवरची हे ठरवल्याशिवाय कुंचला उचलू नये.

येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विषयांतर केल्याशिवाय राहवत नाही. व्हाइट स्पिरिट, टर्पेंटाइन आणि रॉकेल ही एकाच घातकी जातीची मंडळी. पातळ असल्यामुळे ती गिळताना श्वासनलिकेत सहज उतरतात आणि काही तासांत न्यूमोनायटिस उभा राहतो. उलटी करवली तर धोका वाढतो, हे आपण विद्यार्थ्यांना घोकून घोकून शिकवतो. असे असताना एका रविवारी मी स्वतः थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून टेबलावर ठेवले होते. माझ्या पुतणीच्या तीन वर्षांच्या मुलाने ती बाटली तोंडापर्यंत नेली. झाकण घट्ट होते म्हणून बचावलो. त्या दिवसापासून थिनर त्याच्या मूळ डब्यात आणि डबा कुलपात असतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकीही चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. वर सांगितलेल्या रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते आणि ती आतच कोंडली तर फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. शिशाचा पांढरा रंग तर घरात आणूच नये.

आता मूळ कथा. २०१९ साली मी हॉकर हंटर पुरे केले. हे विमान १९५७ पासून आपल्या हवाई दलात येऊ लागले, १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लढले, आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालाच्या वाळवंटात शत्रूचे रणगाडे त्याने कसे टिपले ते सर्वश्रुत आहे. मी परदेशी पुस्तकांतली छायाचित्रे समोर ठेवून त्याला यथेच्छ मळवले. पोटाखाली काळ्या तेलाचे ओघळ, पंखांवर धूळ, काचेच्या झाकणावरही धूळ. मॉडेलकार मित्रांनी वाखाणणी केली. मग ते दवाखान्यातील माझ्या खोलीत काचेच्या कपाटात जाऊन बसले. रडणाऱ्या मुलाच्या पोटावर हात ठेवताना त्याची नजर विमानाकडे वळवता येते, हा त्याचा व्यावसायिक उपयोग.

२०२२ च्या पावसाळ्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले. मुलाला दम्याचा त्रास. आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त होऊन बडोद्यात स्थायिक झालेले. मी मुलाची छाती तपासत होतो तोवर ते कपाटापाशी जाऊन उभे राहिले. औषध लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, हे कुठल्या दिवसाचं विमान आहे?”

मला वाटले, ते स्क्वाड्रनविषयी विचारत आहेत. मी सांगू लागलो, तसे त्यांनी मान हलवली. “तसं नव्हे. तारीख म्हणतोय मी. एवढं तेल पोटाखाली साठलंय, म्हणजे याला कितीक दिवस कुणी हात लावलेला नाही. मी सहा वर्षं हंटरवर होतो, एअरफ्रेम फिटर. असं विमान माझ्या नावावर असतं तर माझी धडगत नव्हती.”

मी चाचरत म्हणालो, की युद्धकाळात विमाने अशी मळतच असतील ना, काका?

“मळतात की. पण आम्ही पुसायचो. शोभेसाठी नव्हे. काल गळलेलं पुसलं नाही, तर आज नवं काय गळलं ते कळणार कसं?”

मी खुर्चीत मागे रेललो. तीस वर्षे मी दुसरे काय करीत आलो होतो? मुलाच्या पायावर लाली पसरत असली की तिच्या कडेने पेनाने रेघ काढायची, म्हणजे सकाळी ती रेघ ओलांडली आहे का ते समजते. यकृताची कडा पोटावर खुणेने आखून ठेवायची. आजचे लक्षण कालच्यापासून वेगळे करायचे. आणि माझ्याच कपाटात मी असे विमान ठेवले होते, की ज्याच्यावरची एकही खूण आजची का कालची हे सांगता येत नव्हते.

बाहेर रांग होती, म्हणून मी त्यांना रविवारी बोलावले. ते आले, आणि प्रतिकृती न उचलता, दोन्ही हात मागे बांधून, तिच्याकडे पाहत दोन तास बोलले. त्यांच्या हातांना कंप आहे, हे मला तेव्हा कळले. प्रारंभीच त्यांनी स्पष्ट केले, “लोंगेवालाला मी नव्हतो. सगळे तेच विचारतात.” मग एकेक चूक निघू लागली. हायड्रॉलिकचे तेल लाल असते. मी ते काळे दाखवले होते. धूळ बसली की ते तपकिरी होते, पण कडेला लाली राहते. काचेच्या झाकणावर धूळ कधीच नसते. काचेवर ठिपका राहिला तर वैमानिक त्याला शत्रूचे विमान समजून मान वळवतो, म्हणून बाकी काही राहिले तरी काच पुसली जाते. नाकाखालच्या चार तोफांच्या तोंडामागे मात्र काजळी हवी, आणि ती मागे पातळ होत गेलेली हवी. इंजिन काढायचे तर हंटरची शेपटीकडची बाजू पूर्ण वेगळी होते. त्या सांध्याच्या बोल्टांभोवती रंग उडालेला असतो. मी रंग उडवला होता पंखांच्या टोकांशी, जिथे कोणाचे हत्यार लागण्याचे कारणच नव्हते. शेवटी त्यांनी इंधनाचे सांगितले, आणि ते मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. टाकीच्या तोंडाशी सांडलेले इंधन धुळीत वाट काढत जाते, म्हणून तिथे डाग मळका नसतो. आजूबाजूचे मळके असते आणि तो पट्टा धुतलेला असतो.

मी दुसरे हंटर मागवले. आधी तारीख ठरवली : ६ डिसेंबर १९७१, संध्याकाळ. युद्धाचा चौथा दिवस. दिवसभरात दोन उड्डाणे झालेली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तोवर सगळे विमान पुसायला सवड नव्हती. फक्त गळतीच्या जागा आणि काच. म्हणजे मला डाग रंगवायचे नव्हते, पुसलेले डाग रंगवायचे होते.

हे काम मी यापूर्वी कधी केले नव्हते आणि ते मला सात महिने पुरले. युक्ती सापडली ती अशी. बर्न्ट सिएनात किंचित लाल मिसळून गळतीच्या जागी खराच डाग द्यायचा, दोन दिवस थांबायचे, आणि रंग वरून सुकल्यासारखा पण आतून ओला असताना तो खरोखर पुसायचा. पुसायला कान कोरायची कापसाची काडी. तिचे टोक पाच मिलिमीटर भरते. त्याला अठ्ठेचाळीसने गुणले की चोवीस सेंटिमीटर होतात, म्हणजे माणसाच्या तळहाताखालच्या फडक्याएवढे. हात एका जागी उभे राहून पोहोचेल तेवढेच ओढायचे : दीड सेंटिमीटर. मग काडी उचलायची, माणूस एक पाऊल सरकला असे समजायचे आणि पुन्हा ओढायचे. डाग जातो, पण त्याची एक पातळ साय फडक्याच्या फटकाऱ्यांत पसरून राहते. वॉर्निशचा अखेरचा निस्तेज थर दिल्यावर ती साय उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. मित्रांना हे विमान पहिल्याहून फिके वाटले. एकाने तर ‘अजून वेदरिंग बाकी आहे का?’ असेही विचारले.

मी ते खोक्यात घालून काकांच्या घरी घेऊन गेलो. नातवाचा दम आता ताब्यात आहे. त्यानेच दार उघडले. काकांनी हात धोतराला पुसले, पण विमान घेतले नाही. “तुम्हीच धरा, आणि उलटं करा,” म्हणाले. वरच्या हिरव्या-राखाडी रंगाकडे, ज्यावर मी महिना घालवला होता, त्यांनी पाहिलेच नाही. भिंग घेऊन ते पोटाकडून सुरू झाले. चाकांच्या खाचा, तोफांची काजळी, शेपटीचा सांधा. एअरब्रेकपाशी भिंग थांबले.

“इथं मागं थोडं पुसायचं राहिलंय.”

मी खिशातली काडी काढली. त्यांनी हाताने थांबवले.

“राहू दे. ब्लॅकआउट होता. तिथलं दिसायचं नाही.”